चार संध्याकाळी चार चाकं

जुन्या गाडीचं इंजिन उतरवल्यापासून पंधरा दिवस शेडकडे फिरकलोच नाही, मूडच लागत नाही असं लिहिलंय तुम्ही, अगदी पटतं, माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं काम पण तिथंच अडकलं होतं. पण सोलापुरात दिवाळी ते शिवरात्र एवढाच टाइम असतो ओ आपल्याकडं, मार्च लागला की पत्र्याखाली दुपारी पान्हा हातात धरवत नाही, मेमध्ये तर पारा ४० च्या वर.

मी एकच केलं, अख्खी गाडी डोळ्यासमोर आणायची बंद केली. आज फक्त एक चाक. ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, काढला, व्हील सिलिंडरची (आतून ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) रबरं बदलली, ड्रमला घासणारे लायनर बघितले, ड्रम परत बसवला, हात धुऊन जेवायला. पद्मिनीला चारही चाकांना ड्रमच, म्हणून चार संध्याकाळी ब्रेक उरकले. मग बायकोला सीटवर बसवून ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढली, पेडलपासून लांबचं चाक म्हणजे मागचं डावं आधी, ती पेडल दाबून धरणार, मी चाकामागची एअर सोडायची निपल ढिली करणार, हळूहळू बुडबुडे थांबले, पेडल कडक झालं आणि ती आतून ओरडली, "अहो, आता धरतंय की!" त्यावर माझा पुढचा महिना निघाला, खरंच सांगतो.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली की चार दिवस काम बंद ठेवा बिनधास्त, मिरवणुकीतले उंच नंदीध्वज बघायला जा, फक्त जायच्या आधी पुढच्या कामाचे पार्ट आणि पान्हे एका ट्रेमध्ये काढून ठेवा. तुमचं पण पद्मिनीसारखं १०८९ सीसीचं इंजिन असेल तर हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं, काम कुठवर आलंय ते कळवा.