मदत हवी आहे: यामाहाची एफजी८०० गिटार घ्यावी की एफएस८००?

मंडळी, दोन्हींचा टॉप (पुढची फळी) सॉलिड, म्हणजे एकसंध स्प्रूस लाकडाचा, नट (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) ४३ मिमी रुंद. एफजीचं स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६५० मिमी, एफएसचं ६३४. म्हणून त्याच ट्यूनिंगला एफएसच्या तारा जरा सैल लागतात, बारे कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा आडव्या दाबायचे) धरणं सोपं जातं. खर्ज मात्र एफजीचाच भरदार, आणि गाण्याच्या साथीला मला तो हवाय.

खरी काळजी पावसाळ्याची. मुंबईच्या दमट हवेत सॉलिड टॉप फुगतो, ब्रिजमागे (टॉपवर तारा अडकवतात ती पट्टी) पोट येतं, बाराव्या फ्रेटवरची (मानेवरची धातूची आडवी पट्टी) अ‍ॅक्शन, म्हणजे तारेची उंची, चढते. (तेव्हा घाईने ट्रस रॉड (मानेतली सळई) पिळू नये, तो फक्त मानेचा बाक बदलतो.) दादर-वरळीला समुद्राजवळ राहणाऱ्यांनी कृपया मोजून सांगा: जुलैत कुणाची अ‍ॅक्शन किती मिमी वाढली? केसमध्ये सिलिका जेल किती ग्रॅम ठेवता, किती दिवसांनी तापवून सुकवता?