ट्यूबलेसची हवा आठवड्यात उतरते, पंक्चर मात्र सापडत नाही

प्रश्न: बारा वर्षं जुनी हॅचबॅक, लोखंडी रिम. मागच्या डाव्या चाकात ३२ पीएसआय हवा भरली की आठ दिवसांत २४ वर येते. खिळा दिसत नाही. पंक्चरवाला म्हणतो, टायरमध्ये भोक बुजवणारं लिक्विड भरा नाहीतर ट्यूब टाका. नवा टायर न घेता काय करता येईल?

उत्तर: आधी गळती शोधा. अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड कालवा. वॉलचं, म्हणजे हवा भरायच्या नळीचं, टोपण काढून तोंडावर थेंब सोडा. बुडबुडा फुगला तर आतली, हवा अडवणारी पिन बदला. हलक्या हातानेच आवळा, जोर लावला की तिचं रबर कापतं. मग वॉल बोटाने वाकवून मुळाशी भेगा बघा. शेवटी चाक खोलून आडवं ठेवा आणि रिमच्या कडेने तेच साबणपाणी ओता, दोन्ही बाजूंनी. दहा मिनिटं थांबा. बारीक गळतीत बुडबुडे येत नाहीत, ताकासारखा पांढरा फेस साचतो.

प्रश्नकर्ता: आतल्या बाजूला कडेने वीतभर फेस आला!

उत्तर: म्हणजे रिमला गंज. टायर उतरवून घ्या. रिमची कड आधी तारेच्या ब्रशने, मग ८० आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. नख फिरवल्यावर खवला लागता कामा नये. टायरच्या कडेला चिकटलेला गंजही पुसा, तो राहिला तर सगळी मेहनत वाया. उघड्या लोखंडावर प्रायमरचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. त्यावर बीड सीलर (टायरची कड रिमला हवाबंद बसवणारा लेप), तोही पातळच. ग्रीस अजिबात नको, रबर खराब होतं. टायर चढवताना साबणपाणी पुरे. गंजाने खोल खड्डे पडले असतील तर जुन्या बाजारातून न वाकलेली दुसरी रिम घ्या.

आणखी एक उत्तर: लिक्विड इथे उपयोगाचं नाही. चाक फिरताना ते बाहेरच्या बाजूला, नक्षीखाली फेकलं जातं. गळकी कड कोरडीच राहते. ट्यूबही टाळा, खिळा लागला की हवा एकदम जाते.

टायर उतरवलाच आहे तर वॉलही नवा बसवून घ्या. टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. टायर गाडीइतकाच जुना निघाला किंवा बाजूच्या भेगांतून फेस आला, तर त्यावर एक रुपयाही घालू नका.