'बेडलम' म्हणजे नुसता आरडाओरडा?

सरोज_ठाणे:
सभागृहात बाक वाजले, कागद भिरकावले गेले की इंग्रजी पेपरात 'बेडलम' असा मथळा येतो. आता मराठी बोलतानाही मंडळी 'नुसतं बेडलम होतं तिथे' असं म्हणू लागलीत. माझं स्पष्ट मत आहे, हा शब्द आपण उचलू नये.

बेडलम हे एका खऱ्या इस्पितळाचं नाव. लंडनमध्ये बिशप्सगेटजवळ १२४७ साली सेंट मेरी ऑफ बेथलेहेम हा मठ निघाला, पुढे तिथे मनोरुग्ण ठेवू लागले आणि लोकांच्या तोंडी बेथलेहेमचं बेडलम झालं. १६७६ मध्ये मूरफिल्ड्सला रॉबर्ट हूकच्या आराखड्याची राजवाड्यासारखी इमारत उभी राहिली. शहरातले लोक तिथे रुग्ण बघायला जात, करमणूक म्हणून! १७७० मध्ये बंधनं येईपर्यंत हे खुलेआम चाललं.

१८१४ साली समाजसुधारक एडवर्ड वेकफील्ड तिथे पाहणीला गेले, तेव्हा त्यांना जेम्स नॉरिस हा रुग्ण दिसला. गळ्यात लोखंडी कडं, ते साखळीने उभ्या खांबाला अडकवलेलं, दंड अंगाभोवतीच्या लोखंडी पट्टीत जखडलेले. कित्येक वर्षं असाच. हा माणूस पेपर वाचायचा, पाहुण्यांशी नीट बोलायचा. त्याचं चित्र छापून आलं, १८१५ मध्ये संसदेची समिती बसली. ज्या जागेत हे घडलं तिचं नाव आमदारांच्या हुल्लडबाजीला द्यायचं?

मिरजेचा_विनायक:
सरोजताई, नॉरिसबद्दल वाचून वाईट वाटलं. पण शब्दाचा जन्म म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. इंग्रजीत हलकल्लोळाला पँडेमोनियमही म्हणतात; हा शब्द कवी मिल्टनने १६६७ मध्ये नरकाच्या राजधानीसाठी घडवला, आज तो वापरताना कुणाच्या मनात सैतान येतो?

आणि लांब कशाला जायचं, आपला 'गोंधळ' घ्या. देवीचा विधी तो! आज 'निकालात गोंधळ', 'वाहतुकीचा गोंधळ' असं सर्रास लिहितो. तेही बंद करायचं का? मुळं उकरत बसलो तर बोलायला शब्दच उरणार नाहीत.

संबळ_दिवटी:
विनायकदादा, आमचं घर गोंधळ्यांचं, म्हणून लिहितो. लग्नानंतर चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, संबळ-तुणतुण्यावर एकेका देवाला नाव घेऊन बोलवायचं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा. रात्रभर एकही ओळ चुकत नाही. इतक्या शिस्तीच्या विधीचं नाव 'बोजवारा' या अर्थाने वापरतात, याचं वडिलांना फार लागायचं. तेव्हा कुणाला काही वाटत नाही, असं समजू नका. कुणी विचारलं नाही, इतकंच.

तरी दोन्हींत फरक आहेच. गोंधळ आम्ही स्वतः घालतो, मानाने घालतो. साखळीतल्या माणसाने बेडलम घातलं नव्हतं, त्याला तिथे कोंडलं होतं.

मिरजेचा_विनायक:
दादा, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण शब्द टाळल्याने नेमकं काय साधतं? 'वेड्यांचं इस्पितळ' गेलं, 'मनोरुग्णालय' आलं. माणसं अजूनही 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला भरती करा' म्हणतातच. पाटी बदलली, नजर तीच.

वॉर्ड_सातची_सिस्टर:
मी मनोरुग्ण विभागात काम करते. शब्दांवर इतका वेळ घालवणं मला पटत नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या आश्रमात आग लागली आणि २८ जण गेले, कारण ते साखळ्यांनी बांधलेले होते. पळणार कसे? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंड घालायला बंदी केली. तो कायदा किती नातेवाइकांना माहीत आहे, ते विचारा. आमच्याकडे पेशंट येतो तो गावातले सगळे उपाय करून थकल्यावर. त्याला गोळ्या वेळेवर मिळाल्या, घरच्यांनी परत नेलं, तर मोठं काम झालं. मथळ्यात काय छापतात याने त्याचं काही बिघडत नाही.

सरोज_ठाणे:
सिस्टर, बिघडतं. माझा धाकटा भाऊ ठाण्याच्या इस्पितळात उपचार घेऊन बरा झाला. त्याआधी दोन वर्षं तो डॉक्टरकडे यायलाच तयार नव्हता, कारण 'ठाण्याला पाठवा' हे आमच्या चाळीत रोज हसत म्हटलं जायचं आणि ते त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. तुमच्याकडे पेशंट उशिरा येतो म्हणता, त्या उशिरात या बोलण्याचा वाटा आहे. विनायकराव म्हणतात नजर बदलत नाही. ती नजर मुलं शिकतात कुठून? आपल्याच तोंडून ना?

आणि शब्द उरणार नाहीत ही भीती तर मराठीत नकोच. कल्ला, गलका, गदारोळ, हलकल्लोळ, धुडगूस, दंगा... सभागृहासाठी यातला एकही अपुरा नाही.

मिरजेचा_विनायक:
'ठाण्याला पाठवा' मी यापुढे म्हणणार नाही, ते इथल्या माणसाला इथेच लागतं. बेडलमबाबत मात्र माझं मत कायम आहे. सांगलीच्या पोराला तो शब्द ऐकून लंडनचं इस्पितळ आठवत नाही, आणि जे आठवतच नाही ते टोचणार कसं?

संबळ_दिवटी:
ज्याला आठवतं त्याला टोचतं, दादा. मला गोंधळ आठवतो.