फरसूट घेऊन झुरिख ते हॅम्बुर्ग रात्रीची गाडी: बर्थ कोणता, हेड कशात?

ऐरोलीचा_कोल्हा

नमस्कार मंडळी. युरोफरन्सचं, म्हणजे हॅम्बुर्गला भरणाऱ्या प्राणी-पात्रांच्या चाहत्यांच्या संमेलनाचं (कॉनचं), नक्की झालं आहे. दोघं जातोय, मी ऐरोलीहून, मित्र कोपरीहून. विमान मुंबई–झुरिख थेट, मध्यरात्रीनंतर सुटून सकाळी लवकर पोचणारं. त्याच संध्याकाळी झुरिखहून नाइटजेट (रात्रीची झोपायची गाडी) पकडून दुसऱ्या दिवशी सकाळी हॅम्बुर्ग. परतीला हाच क्रम उलटा.

माझा फुलसूट (अंगभर फरसूट, म्हणजे फरचा प्राण्याचा पोशाख) आहे, मित्राकडे काही नाही, तो स्पॉटर (सूट घातलेल्याला सांभाळून नेणारा). हेड (पोशाखाचं डोकं) फोम बेसचं, कानांसकट उंची ४२ सेमी, रुंदी ३८, नाकापासून मागपर्यंत ३६. डोळ्यांच्या कडा थ्रीडी प्रिंट केलेल्या, पीएलए प्लास्टिकच्या. बॉडीसूट, पॅडिंग, फीटपॉज (पंजांचे बूट), शेपूट सगळं धरून साडेनऊ किलो.

विचारायचं ते असं. नाइटजेटमध्ये मिनी केबिन (एकट्यापुरता बंद बर्थ) घ्यावी की कुशेत (साध्या बर्थचा सामायिक कंपार्टमेंट)? हेड विमानात हातात नेता येईल का? आपल्याकडे तेव्हा पावसाळा असणार, दमट सूट बॉक्समध्ये बंद केला तर बुरशीचं काय? आणि परतीच्या गाडीत घामेजलेला सूट न्यायचा कसा?

रात्रगाडी

गाडीपुरतं सांगतो. मिनी केबिन एकट्या माणसाला उत्तम, फरसूटवाल्याला नाही. तिथे प्रत्येकाला एक छोटा लॉकर मिळतो, त्यात केबिन बॅग आणि बूट जातात. त्याहून मोठं सामान डब्यातल्या सामायिक रॅकवर. म्हणजे रात्रभर तुमचं हेड तुमच्या नजरेआड, आणि प्रत्येक स्टेशनवर दार उघडणार. नव्या बनावटीचे डबे त्या तारखेला लागले असतील तरच हा पर्याय बुकिंगमध्ये दिसतो. दिसला तरी मोहात पडू नका.

दोघं आहात तर कुशेतचा पूर्ण कंपार्टमेंट खासगी म्हणून घ्या. चार सुट्या बर्थच्या हिशेबाने महाग वाटेल, पण हॉटेलची एक रात्र वाचते ती वजा करून बघा. फायदा जागेचा आहे. वरचे बर्थ दुमडलेलेच ठेवता येतात, दोन खालच्या बर्थच्या मधली मोकळी जमीन तुमची. मोठा बॉक्स तिथे, खिडकीच्या बाजूला, दार उघडायला जागा सोडून. खालच्या बर्थखाली बॉक्स सरकेल अशी आशा ठेवू नका, तिथे फक्त बॅगा जातात. जुन्या डब्यांत दाराच्या वर, कॉरिडॉरच्या छताच्या पोकळीत खोल फळी असते. बॉडीसूटची मऊ बॅग तिथे टाका, हेड नको. तेवढ्या उंचीवर बॉक्स चढवताना आणि उतरवतानाच तो हातातून सुटतो.

बजेट त्याहून सैल असेल तर दोघांचा स्लीपर (बंद झोपायची खोली) घ्या. नव्या डब्यांतल्या स्लीपरमध्ये शॉवर-टॉयलेट आतच असतं. पण जमिनीवरची जागा कुशेतपेक्षा कमी, हे ध्यानात ठेवा.

तिकिटं साधारण सहा महिने आधी उघडतात आणि भाडं मागणीप्रमाणे चढत जातं. खासगी कंपार्टमेंट गाडीत मोजकेच असतात, ते आधी संपतात. गाडी रात्रीत बाझेलला स्विस-जर्मन सीमा ओलांडते, पोलीस पासपोर्ट बघायला उठवू शकतात, तेव्हा पासपोर्ट बॉक्समध्ये नको, उशाशी.

उशीर होतो, हे धरूनच चाला. जर्मनीत रुळांची कामं चालू असतात, गाडी वळवली जाते. ६० मिनिटांहून जास्त उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, १२० च्या पुढे ५० टक्के परत मागता येतात, पण हुकलेलं उद्‌घाटन परत मिळत नाही. कॉन सुरू होण्याच्या आदल्या सकाळी पोचेल अशीच गाडी घ्या. परतीला तर विमान आणि गाडी यांच्यात आठ तासांपेक्षा कमी अंतर ठेवूच नका. दोन्ही तिकिटं वेगळी असल्याने विमान चुकलं तर गाडीवाले जबाबदार नाहीत.

हॅम्बुर्ग हाउप्टबानहोफला (मुख्य स्टेशनला) उतरून एस-बान (शहरातली लोकल) पकडा, पुढचंच स्टेशन डामटोर. कॉन ज्या सीसीएच या संमेलन केंद्रात भरतं ते डामटोरला लागूनच आहे. शोधताना जुने लेख वर येतील, त्यांत बर्लिनचं एस्ट्रेल हॉटेल असेल. तो पत्ता २०२२ पर्यंतचा, २०२३ पासून हॅम्बुर्ग.

शिवणटिपण

हेडबद्दल. स्विस विमान कंपनीची केबिन बॅगेची मर्यादा ५५ × ४० × २३ सेमी, ८ किलो. तुमचं हेड ३६ सेमी खोल. २३ मध्ये बसायचं नाही, कितीही दाबलं तरी. काही जण पाठपिशवीला हेड बांधून गेटपर्यंत नेतात आणि बहुतेकदा सुटतातही, पण गेटवर अडवलं तर ते बिनबॉक्सचं होल्डमध्ये जातं. त्यापेक्षा पहिल्यापासून कडक बॉक्समध्ये चेक-इन करा.

बॉक्सची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेमीच्या आत हवी. ६० × ५० × ४५ घेतलात तर १५५ होतात आणि हेडच्या वर तीन सेमी मोकळे राहतात. माप बाहेरून घ्या, कडा आणि हँडल धरून, कारण दुकानात लिहिलेलं माप आतलं असतं. भाडं निवडताना तिकिटावर २३ किलोच्या किती बॅगा आहेत ते बघा. वजनाची अडचण येणार नाही, नगांची येईल.

आता भरायचं कसं. तळाला दुमडलेला टॉवेल. हेडच्या आत मोजे आणि हँडपॉज (पंजांचे हातमोजे) भरा, आधी मझलमध्ये (पुढे आलेल्या नाक-तोंडात), मग कपाळाच्या पोकळीत. बाहेरून दाब आला तर सर्वात आधी मझलचा पूल बसतो आणि एकदा घडी पडलेला फोम पूर्ववत होत नाही. मानेचा फर आत वळवा. कानांना पुढून-मागून पुठ्ठ्याचे त्रिकोण लावून वर टी-शर्ट गुंडाळा. झाकण कानांना टेकता कामा नये. डोळ्यांच्या जाळीवर बबल रॅप थेट लावू नका, रंगवलेल्या जाळीवर बुडबुड्यांचे वण उठतात. मऊ मायक्रोफायबर कापड लावा, मग वाटलं तर बबल. हलणारा जबडा असेल तर बंद ठेवा पण रबराने आवळू नका, आतलं इलॅस्टिक सैल पडतं. चुंबकाची जीभ काढून हातातल्या बॅगेत.

सगळ्यात वर एक कागद ठेवा: हेडचा रंगीत फोटो, खाली इंग्रजीत दोन ओळी की हा पोशाखाचा भाग आहे, नाजूक आहे, असाच परत ठेवावा. स्कॅनरवर पोकळ डोकं आणि आत तारा दिसल्या की बॉक्स उघडला जातो, आणि उघडणाऱ्याला तो बंद कसा करायचा हे कळायला हवं. झाकणाला टेप नको, बकलचे दोन पट्टे लावा.

हेडमधल्या पंख्याची पॉवर बँक काढून हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-अवर, १०० च्या मर्यादेत बसते. आकडा खोडलेला असेल तर नवी घ्या, अडवतात.

पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं, हॉट ग्लूही त्याच सुमारास सैल होतो. विमानाच्या होल्डमध्ये काही होत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत होतं. आणि डिकीवरून आठवलं, ठाण्याहून टर्मिनल २ ला जाताना साधी टॅक्सी बोलावू नका. सीएनजीचं सिलिंडर डिकी खातं, हा बॉक्स बसत नाही. सहा आसनी गाडी सांगा.

दुरुस्तीला वाकडी सुई, सोफ्याचा जाड दोरा आणि फरचा हातभर तुकडा न्या. कात्री चेक-इनमध्ये. फेविबॉन्ड अजिबात नेऊ नका, ज्वलनशील आहे, विमानात बंदी. छोटी ग्लू गन चालेल, पण बारीक दोन पिनांचा प्लग असलेली. तो झुरिखला आणि हॅम्बुर्गला दोन्हीकडे बसतो, आपली तीन पिनांची बसत नाही.

ऐरोलीचा_कोल्हा

रात्रगाडी दादा, शिवणटिपण ताई, मनापासून आभार. खासगी कंपार्टमेंटच घेतो. दोन शंका उरल्या. झुरिखला सकाळी उतरल्यावर संध्याकाळपर्यंत बॉक्स कुठे ठेवायचा? आणि व्हिसा स्वित्झर्लंडचा की जर्मनीचा?

पाचपाखाडी_लांडगा

जर्मनीचा. शेंगेनमध्ये जास्त दिवस जिथे राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, पाय आधी कुठे ठेवता हे नंतरचं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, उशिरात उशिरा १५ दिवस, पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्रवासाला मे-जूनच्या अपॉइंटमेंट भराभर भरतात. शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. कॉनचं पैसे भरलेलं रजिस्ट्रेशन, हॉटेल आणि नाइटजेटचं तिकीट तिन्ही जोडा. पत्रात सरळ लिहा की कला आणि पोशाखांच्या चाहत्यांच्या संमेलनाला जातो आहोत. लपवण्यासारखं काही नाही, आणि १९९५ पासून चालत आलेल्या, पाच हजारांवर माणसं जमणाऱ्या संमेलनाचं कागदोपत्री वजन असतं. वय १८ पूर्ण हवं, बॅज घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो.

सूट महागाचा असेल तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, बिल आणि फोटो सोबत. परतताना वस्तू बाहेरून आणलेली नाही हे तोंडी पटवत बसावं लागत नाही. चेक-इनच्या आधी करायचं, तेव्हा विमानतळावर तासभर लवकर.

झुरिख विमानतळावरून मुख्य स्टेशन ट्रेनने दहा-बारा मिनिटं. तिथे खालच्या मजल्यावर लॉकर आहेत. तुमचा बॉक्स सर्वात मोठ्या मापातच जाईल आणि ते दुपारपर्यंत भरतात, त्यामुळे आधी लॉकर, मग चहा. बॉक्सला चाकं नसणार, म्हणून घडीची ट्रॉली आणि हूकवाल्या दोन इलॅस्टिक दोऱ्या हव्यातच.

शिवणटिपण

बुरशी आणि परतीचं राहिलं. मुख्य काळजी इथेच घ्यायची आहे.

निघण्याच्या दहा दिवस आधी बॉडीसूट गार पाण्यात, अगदी थोड्या लिक्विड डिटर्जंटने धुवा. हेड पाण्यात बुडवायचं नाही. ड्रायरची गरम हवा नको, ॲक्रिलिक फरची टोकं जळून कुरळी होतात आणि विंचरून सुटत नाहीत. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत गॅलरीत टांगलेला सूट वाळत नाही, फक्त वाळल्यासारखा वाटतो. खोली बंद करून एसी ड्राय मोडवर, खाली टेबल फॅन, सूट उलटा करून. झाला का हे बघायला बगल, जांघ आणि फीटपॉजची बोटं यांना हाताची मागची बाजू लावा. गार लागलं म्हणजे आत पाणी आहे. तिन्ही ठिकाणी गार लागेनासं झालं की मगच बॉक्स. त्यात २५० ग्रॅम निळं सिलिका जेल, मलमलच्या दोन पुरचुंड्यांत. डांबर गोळ्या नको. वास फरमधून जात नाही आणि काही प्लास्टिक त्यांनी मऊ पडतं. पॅडिंग व्हॅक्यूम पिशवीत एका दिवसाहून जास्त ठेवू नका, फोम पुन्हा फुगत नाही.

परतीचं गणित उलटं धरा. हॅम्बुर्गला बॉक्स बंद केल्यापासून ऐरोलीत उघडेपर्यंत दीड दिवस तरी जातो. म्हणून निघण्याच्या दिवशी फुलसूट घालायचाच नाही. शेवटचं घालणं आदल्या दुपारी संपवा. फरसूटवाल्यांच्या लाउंजमध्ये पाणी आणि पंखे असतात, तिथे हेड आणि हँडपॉज लगेच वाऱ्यावर धरा. खोलीवर आल्यावर बॉडीसूट उलटा करून आत ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. तिथल्या औषधाच्या दुकानात, आपोथेकेत मिळतं, इथून न्यायची गरज नाही. मग दोन मोठे मायक्रोफायबर टॉवेल जमिनीवर, त्यावर सूट, घट्ट गुंडाळी करून गुडघ्याने दाबत जा. टॉवेल जड होतो तेवढं पाणी निघालं. नंतर हँगरवर, गळ्यातून आत वारा जाईल असा पंखा, किमान आठ ते दहा तास. छोटा यूएसबी पंखा इथूनच न्या, हॉटेलच्या खोलीत पंखा नसतो.

एवढं करूनही ओल राहिली तर बॉडीसूट प्लास्टिकमध्ये नको, सुती उशीच्या अभ्र्यात. गाडीत रात्री अभ्र्याचं तोंड उघडं ठेवा. खासगी कंपार्टमेंट असल्याने वासाचा त्रास परक्यांना होत नाही. सामायिक कुशेतमध्ये हे करणं बरं नव्हे, अनोळखी माणसं तिथे झोपायला आलेली असतात.

गाडीत किंवा स्टेशनवर सूट घालून फिरायचा विचार असेल तर सोडा. कॉरिडॉर अरुंद, शेपूट दारात अडकते, आणि तिकीट-पासपोर्टला चेहरा दाखवावा लागतो.

घरी पोचल्यावर झोपायच्या आधी बॉक्स उघडा. हेडमधले मोजे-हँडपॉज काढून पंख्यासमोर, सिलिका गुलाबी झालं असेल तर कढईत मंद आचेवर निळं होईपर्यंत परता, ती कढई मात्र पुन्हा स्वयंपाकाला नको. फीटपॉजच्या तळव्यातला फोम सर्वात शेवटी वाळतो, ते आडवे न ठेवता घोटा खाली, तळवा वर असे दोन दिवस ठेवा.