अठरा पूर्ण झाली की आधी पालकत्वाचा अर्ज, की आधी स्वतः ठरवायचं शिक्षण?

कृष्णाकाठची

सांगली-मिरज-कुपवाड भागातल्या आम्हा पालकांच्या गटाने जूनपासून आठवड्यातून एकदा भरणारा वर्ग काढायचं घाटलंय. बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी असलेल्या अठरा वर्षांपुढच्या मुलामुलींसाठी. शिकवायचं एवढंच की आपल्या आयुष्यातलं आपण कसं ठरवायचं. यावरून गटात सरळ दोन तट पडलेत. ज्यांना हे पटत नाही त्यांचं म्हणणं मला नीट ऐकायचंय, पण आधी माझी बाजू मांडते.

विशेष शाळा अठराव्या वर्षी सुटते. पुढे जागा मिळाली तर कार्यशाळा. पणत्या, राख्या, फायली, कागदी पिशव्या. हाताला वळण लागतं, ते मी कमी लेखत नाही. पण आज पणत्या रंगवायच्या की पिशव्या चिकटवायच्या, हे पंचविशीतल्या माणसालाही कुणी विचारत नाही. दवाखान्यात "याला काय होतंय?" हा प्रश्न आईला, मुलगा स्वतः बोलत असला तरी. केस किती कापायचे ते वडील सांगणार, कुठल्या लग्नाला न्यायचं आणि कुठल्या नाही ते घरातले ठरवणार. अशी वीस वर्षं गेल्यावर आपणच म्हणतो, त्याला काही ठरवता येत नाही.

आणि अठरा पूर्ण झाली की जो तो एकच सल्ला देतो, कलेक्टर कचेरीत पालकत्वाचा अर्ज टाका, म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेणारा कायदेशीर पालक नेमून घ्या. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते, हे बरोबर. पण त्याच कायद्याचं कलम 14 समितीला सांगतं की या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि कशासाठी आहे, ते आधी बघा. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा त्याहून पुढे जातो. पुरेसा आधार देऊनही कायदेशीर निर्णय घेता येत नसेल तरच पालकत्व, तेही मर्यादित, आणि निर्णय दोघांनी मिळून, एकमेकांवरच्या विश्वासाने घ्यायचा. मला गटातल्या प्रत्येकाला विचारायचंय, तो "पुरेसा आधार" आपण कधी दिला? अर्जाच्या आधी की कधीच नाही?

वर्गाची पद्धत अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले मायकेल वेमेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेल्या पद्धतीवरून घेतली आहे. शिकणाऱ्याने स्वतःलाच विचारायचं, मला काय साधायचंय, त्यासाठी मी काय करणार, आणि मग, मी काय शिकलो. समजा एकाने ठरवलं की विश्रामबागहून मिरजेला मावशीकडे एकट्याने बसने जायचं. मग बसची पाटी ओळखणं, तिकिटाचे पैसे देणं, भलत्याच थांब्यावर उतरलो तर फोन कुणाला करायचा, हे सगळं त्यातून येतं. ध्येय आम्ही नेमून द्यायचं नाही. पालकांचा तास वेगळा. मुलाला प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, हा त्यातला पहिला धडा. माझ्या मते सगळ्यात अवघड तास तोच असणार आहे.

वाईचा बाप

ताई, तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही. विरोध आहे तो सांगतो.

माझा मुलगा एकतीस वर्षांचा आहे. बोलत नाही. उठवून बसवावा लागतो, घास भरवावा लागतो, लंगोट बदलावे लागतात. माझी साठी उलटली, त्याच्या आईचे गुडघे गेलेत. तुमच्या वर्गात तो कुठल्या बाकावर बसणार? बसने मिरजेला जाणारी मुलं मला माहीत आहेत. ती शाळेतही पुढे होती, स्नेहसंमेलनात नाचायलाही तीच, वर्तमानपत्रातल्या फोटोतही तीच. आता स्वनिर्णयही त्यांचाच. आमच्यासारख्यांच्या वाट्याला दर वेळी "पुढच्या टप्प्यात बघू" एवढंच येतं.

पालकांच्या गटाकडे पैसा थोडा, माणसं त्याहून थोडी. ती वर्गावर लावायची की आईला महिन्यातून चार दिवस उसंत मिळेल अशा सोयीवर? मला विचाराल तर आधी एक घर हवं, आम्ही गेल्यावर जिथे त्याला कुणी उपाशी ठेवणार नाही. रात्री झोप उडते ती त्या विचाराने.

विशेष शिक्षिका, कराड

काकांचा राग रास्त आहे. तीव्र अक्षमतेच्या मुलांना प्रशिक्षणातून वगळायची सवय आमच्या क्षेत्राला जुनी आहे. पण काका, तुमचा मुलगा निर्णय घेत नाही हे मला मान्य नाही. घास पुढे केल्यावर तो कधी ओठ घट्ट मिटत असेल, विशिष्ट माणूस खोलीत आला की मान वळवत असेल. तो नकार आहे. भरवणारा तो ओळखून थांबला तर नकाराला अर्थ येतो. पोट भरायचंच म्हणून घास आत सारला, तर हळूहळू तो नकार देणंच सोडतो. अशा मुलाचं प्रशिक्षण त्याच्या भरवणाऱ्याचं प्रशिक्षण असतं. डोळ्यांनी दोन वस्तूंतली एक निवडणं, "पुरे" ची एक ठरलेली खूण, एवढ्यापासून सुरुवात होते. आणि तुमच्यानंतर जे घर हवंय म्हणता, तिथल्या अनोळखी माणसाला या खुणा लिहून दिलेल्या असतील तर तो उपाशी राहायची शक्यता कमी होईल.

आता कृष्णाकाठच्या ताईंना. वेमेयर यांचं नाव घेताना थोडं जपून. त्यांचा आणि श्वार्ट्झ यांचा 1997 चा अभ्यास सगळे सांगतात. शाळा सोडताना ज्यांची स्वनिर्णयाची क्षमता जास्त, ते वर्षभराने पगारी कामावर जास्त दिसले. पण ती मुलं सौम्य बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमता असलेली होती, आणि एवढ्यावरून शिकवल्यामुळे काम मिळालं असं ठरत नाही. पुढे गटांची तुलना करून झालेल्या अभ्यासांत प्रशिक्षणाने ही क्षमता वाढते असं दिसलं, तेव्हा पद्धत चुकीची नाही. माझी भीती वेगळी आहे. आठवड्यातून दोन तास निवड शिकवायची आणि उरलेला आठवडा घरात, कार्यशाळेत निवडायला काहीच ठेवायचं नाही, तर मुलं चिडतात. मी पाहिलंय, आणि मग पालक म्हणतात की वर्गामुळे बिघडला.

तासगावकडचा

आमच्याकडं प्रश्न जमिनीचा आहे, त्यावर कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो.

चुलत घरातला प्रकार. वडील वारले, सातबाऱ्यावर वारस लागले. त्यात एक बहीण मतिमंद, म्हणजे आता तुम्ही बौद्धिक दिव्यांग म्हणता ती. भावांनी गोड बोलून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला. तिला नवी साडी आणि जिलेबी. तिनं आनंदानं अंगठा दिला. द्राक्षबागेतला हिस्सा गेला.

समजत नसताना केलेला करार टिकत नाही, हे 1872 पासून कायद्यात आहे. पण ते कोर्टात शाबीत कोण करणार, आणि किती वर्षं? आता उद्या तुमच्या वर्गातनं "ही स्वतःचे निर्णय स्वतः घेते" असा कागद बाहेर पडला, तर तोच कागद भावांचा वकील कोर्टात दाखवणार. मुलगी ठरवू शकते म्हटलं की तिचा अंगठाही पक्का झाला की. म्हणून म्हणतो, अठरा झाली की पहिल्यांदा पालकत्व घ्या, बाकीचं नंतर.

कृष्णाकाठची

दादा, हा मुद्दा आमच्या बैठकीत कुणी काढला नव्हता. वर्गातून प्रमाणपत्र म्हणून एकही कागद द्यायचा नाही, हे मी आजच गटात मांडते.

पण उपाय म्हणून तुम्ही पालकत्व सांगता तिथे अडतं. आईवडिलांच्या मागे पालक म्हणून अर्ज कोण करतं? बहुतेक तोच भाऊ. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दर वर्षी हिशेब द्यायचा असं न्यास कायदाच सांगतो. आपल्या ओळखीतल्या किती पालकांनी तो दिलाय? आणि मागणार कोण? त्या बहिणीला अंगठा देण्याआधी "मला आत्याला विचारायचंय" एवढं वाक्य शिकवलेलं असतं, आणि ती आत्या ठरलेली असती, तर दुय्यम निबंधकांच्या कचेरीत निदान एक अडथळा उभा राहिला असता. विश्वासातली दोन माणसं निवडून ठेवणं हा आमच्या वर्गाचा निम्मा भाग आहे.

पोवई नाका, सातारा

मी मुलीची आई आहे. मुलगी चोवीस वर्षांची, समज सहा-सात वर्षांची. दिसायला चारचौघींसारखी. कुणीही हसून बोललं की ती त्याच्या मागे चालायला लागते.

2017 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात वय धरायचं ते जन्मतारखेचं, समजुतीचं नाही. म्हणजे माझ्या मुलीवर उद्या काही प्रसंग आला तर तिला मूल म्हणून संरक्षण नाही. कायदा तिला बाई मानतो, जग तिला सोपं सावज मानतं, आणि मी तिला निवड शिकवू? मी तिला दाराबाहेर एकटी सोडत नाही आणि सोडणारही नाही. कुणी याला कैद म्हटलं तरी चालेल.

विशेष शिक्षिका, कराड

ताई, एकटी सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण अत्याचार करणारा पुष्कळदा ओळखीचा असतो, घरात येणारा-जाणारा असतो. तिथे दाराची कडी काय करणार?

2013 च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग स्त्रीवरच्या बलात्काराला जास्त कडक शिक्षा आहे, आणि तिचा जबाब विशेष शिक्षकाच्या मदतीने, चित्रीकरण करून घ्यायचा नियम आहे. पण जबाब द्यायला तिला शरीराच्या अवयवांची नावं माहीत हवीत, "नको" म्हणता यायला हवं, मोठ्या माणसालाही. आपण मुलींना काय शिकवतो? काका सांगतील ते ऐकायचं, पापा द्यायचा, गप्प बसायचं. आज्ञाधारक मुलगी गुन्हेगाराच्या पथ्यावर पडते.

कृष्णाकाठची

सुरक्षेच्या नावाखाली आपल्याच राज्यात काय झालं तेही आठवावं. 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली. पाळीची स्वच्छता हे कारण दिलं गेलं. गदारोळ झाल्यावर ते थांबलं. त्या मुलींना कुणी विचारलं होतं? याउलट 2009 साली चंदीगडच्या सरकारी निवाऱ्यातल्या तरुणीला गर्भ ठेवायचा होता, तर सर्वोच्च न्यायालयाने तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करू दिला नाही.

पोवई नाका, सातारा

निकाल वाचलाय. बाळाला रात्री उठून घेणार कोण, ते निकालात नसतं. "नको" म्हणायला शिकवण्याचा मुद्दा मात्र पटला. तेवढ्यापुरती मी मुलीला घेऊन येईन आणि वर्गाच्या खोलीतच बसेन. बाहेर थांबा म्हणालात तर येणार नाही.

मिरजेचा मी

मी स्वमग्न आहे. वय सव्वीस. कुपवाडला पॅकिंगचं काम करतो. इथे सगळे आईबाबा बोलतात.

मला वर्ग नको. लहानपणापासून वर्गच चालू आहेत. मला पगार माझ्या खात्यात हवा. बँकेत गेलो तर पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा म्हणाले, म्हणून पगार आईच्या खात्यात जातो. मी आईला पैसे मागतो तेव्हा ती विचारते कशाला. मतदान मी केलं आहे. तिथे कुणी कशाला असं विचारलं नाही.

वर्ग घेणार असाल तर शिकवणाऱ्यांत आमच्यातला एक घ्या. त्याला पैसे द्या.

तासगावकडचा

भाऊ, मतदानाचं बरोबर आहे. कोर्टानं मनोविकल ठरवल्याशिवाय यादीतनं नाव काढता येत नाही. पण खात्याबाबत आईचं विचारणं मला वावगं वाटत नाही. माझा मुलगा इंजिनिअर आहे, त्यालाही मी विचारतोच.

मिरजेचा मी

त्याने सांगितलं नाही तरी त्याला पैसे मिळतात.

वाईचा बाप

शिक्षिका बाईंनी लिहिलेलं मुलाच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दूधभात नको असला की तो डावी मूठ आवळतो, हे तिला केव्हापासून माहीत आहे. मला माहीत नव्हतं.

तरी माझा विरोध मागे घेत नाही. वर्ग काढायचा असेल तर अट ही. पहिल्या तुकडीत निदान दोन जागा माझ्या मुलासारख्यांना, त्यांना उचलून आणायची गाडी गटाच्या खर्चाने, आणि उसंतीच्या सोयीचा ठराव त्याच बैठकीत. नाहीतर मी हात वर करणार नाही.

कृष्णाकाठची

दोन जागा आणि गाडी, मला मान्य. त्यासाठी तुकडी लहान करावी लागली तरी चालेल. मिरजेच्या भावाचं मानधन पहिल्या अंदाजपत्रकातच धरते. उसंतीचा ठराव मांडायला मी स्वतः उभी राहीन, पण तो होईपर्यंत वर्ग थांबवायला माझी तयारी नाही काका. जूनमध्ये अठरा पूर्ण होणारी तीन मुलं आहेत आणि तिघांचेही अर्ज भरून तयार आहेत. बैठक रविवारी दुपारी चारला. वाईहून यायला उशीर होणार असेल तर तुमचा विषय शेवटी ठेवते, तुम्ही आल्याशिवाय मतदान घेणार नाही.