सभागृहातील स्वच्छतागृहांच्या पाट्यांबाबत

प्रेषक: एक आजीव सभासद

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या तयारीसाठी आम्ही काही जणी इथल्या, कॅलिफोर्नियातल्या, नगरपालिकेच्या सभागृहात गेलो होतो. मुख्य दालनाबाहेर एका वेळी एकाच व्यक्तीने वापरायच्या स्वच्छतागृहाच्या ज्या दोन खोल्या आहेत, त्यांपैकी एकीवर आपण दर वर्षी ‘फक्त महिलांसाठी’ असा कागद लावतो. या वर्षी तेथील व्यवस्थापनाने तो काढून टाकायला सांगितला आणि दोन्ही खोल्या सर्वांसाठी आहेत असे बजावले. लेझीम पथकातल्या मुली त्याच खोलीत नऊवारी नेसतात. शिवाय बायकांची रांग किती लांबते, हे प्रत्येक कार्यक्रमात दिसतेच. ज्या पिढीने मुंबईत दिवसभर बाहेर असताना पाणी पिण्याचे टाळले, कारण जायला जागाच नसे, त्या पिढीची मी आहे. बायकांसाठी राखलेली जागा हातची जाते तेव्हा वाईट वाटते. कार्यकारिणीने व्यवस्थापनाकडे त्या एका दिवसापुरती सवलत मागावी, अशी माझी विनंती आहे.

प्रेषक: सभागृह व्यवस्था समिती

आदरणीय काकू आणि सर्व सभासद,

कागद काढायला सांगितला तेव्हा मी तेथे हजर होतो, त्यामुळे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. आपण पाणी न पिण्याबद्दल जे लिहिले आहे, ते माझ्या आईकडूनही मी ऐकले आहे. मुंबईत ‘राइट टू पी’ (लघवीला जाण्याचा हक्क) या नावाने बायकांना जे आंदोलन उभारावे लागले, ते याच दुःखातून. त्यामुळे आपली हरकत मी किरकोळ मानत नाही. मात्र आपल्या सभागृहात नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही, हे नीट समजून घेतले, तर सवलत मागण्याची गरज उरत नाही, असे माझे मत आहे.

एका व्यक्तीपुरती स्वच्छतागृहे सर्वांसाठी खुली ठेवण्याचा हा नियम व्यवस्थापनाने केलेला नाही आणि त्यात सूट देणे त्यांच्या हातात नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१६ साली आपल्या हद्दीपुरता असा नियम केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्यपाल जेरी ब्राउन यांनी आमदार फिल टिंग यांच्या विधेयकावर सही केली आणि १ मार्च २०१७ पासून कॅलिफोर्नियातील सरकारी इमारती, व्यवसायाच्या जागा आणि लोकांसाठी खुली असलेली सर्व ठिकाणे त्या कायद्याखाली आली. सिएटलने २०१५ मध्ये आणि न्यू यॉर्क शहराने २०१६ मध्ये असेच नियम केले. वॉशिंग्टन डीसीत तर ते २००६ पासून आहेत. कॅलिफोर्नियाच्या कायद्याची व्याप्ती मर्यादित आहे: ज्या खोलीत एकच शौचपात्र आणि फार तर एकच युरिनल आहे, आणि जिची कडी वापरणाऱ्याच्या हाती आहे, तेवढ्याच खोलीवर स्त्री किंवा पुरुष अशी पाटी लावता येत नाही. तळमजल्यावरील अनेक कप्प्यांची दोन मोठी स्वच्छतागृहे या कायद्यात येत नाहीत. ती पूर्वीप्रमाणेच महिलांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळी राहतील. तेथे कोणी आपल्या लिंगभावानुसार जात असेल, तर त्या व्यक्तीला अडवणे किंवा प्रश्न विचारणे हे आपल्या स्वयंसेवकांचे काम नाही, आणि या राज्याचे भेदभावविरोधी कायदे पाहता ते योग्यही होणार नाही.

आता रांगेविषयी. दोन खोल्यांपैकी एक महिलांची आणि दुसरी पुरुषांची ठरवली, की पुरुषांची खोली रिकामी असते आणि तिच्या शेजारीच दहा बायका ताटकळत उभ्या असतात. गेल्या वर्षी महाप्रसादाच्या आधी हे मी स्वतः पाहिले आहे. दोन्ही खोल्या खुल्या ठेवल्या, तर बायकांना एकीऐवजी दोन मिळतात. दार आतून बंद होते आणि आत एकच व्यक्ती असते, त्यामुळे एकांतात काहीही उणे होत नाही. आपल्या घरातल्या स्वच्छतागृहावरही कोणती पाटी नसते.

दारावरच्या चिन्हाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण आपला कागद नेमका त्यावरच चिकटवलेला होता. कॅलिफोर्नियाच्या बांधकाम नियमांप्रमाणे पुरुषांच्या दारावर त्रिकोण, महिलांच्या दारावर वर्तुळ आणि सर्वांच्या दारावर वर्तुळावर बसवलेला त्रिकोण असतो. वर्तुळाचा व्यास १२ इंच असतो आणि चिन्ह जमिनीपासून ५८ ते ६० इंचांच्या उंचीवर लावतात. ते दारावर उठून आलेले असते, जेणेकरून ज्यांना कमी दिसते किंवा मुळीच दिसत नाही, त्यांना हाताने चाचपून दार ओळखता यावे. आपण त्यावर कागद लावला, तेव्हा अशा पाहुण्यांची वाट आपणच बुजवली, याची मला खरोखर खंत वाटते.

या खोल्या कुटुंबासाठी किंवा मदतनीसासह वापरण्यासाठी आहेत, अशी नोंदही कायद्याला मान्य आहे. आपल्याकडे भारतातून आलेले आईवडील मोठ्या संख्येने असतात. चालताना आधार लागणाऱ्या वडिलांना मुलगी कुठे नेणार, किंवा चार वर्षांच्या लेकीला घेऊन एकटा आलेला बाप कोणत्या दारातून जाणार, हा प्रश्न ‘फक्त महिलांसाठी’ या कागदामुळेच उभा राहतो.

तरीही हा बदल केवळ आपल्या सोयीसाठी झाला असे म्हटले, तर ते अर्धसत्य होईल. ज्यांना दोन्हींपैकी कोणत्याही दारातून जाताना अपमानाची किंवा मारहाणीची धास्ती वाटते, त्या पारलिंगी (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असलेल्या) माणसांची अडचण दूर व्हावी, हा त्यामागचा एक महत्त्वाचा हेतू होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात त्यांच्यासाठी स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहांची व्यवस्था करण्याचा आदेश सरकारांना दिला. इथल्या शहरांनी वेगळे दार बांधण्याऐवजी असलेल्या दाराचे नाव बदलले. आपल्या मंडळातल्या घरांतही अशी मुले आहेत. त्यांच्यापैकी काही जण कार्यक्रमाला येणे टाळतात, हे त्यांच्या पालकांनी मला विश्वासाने सांगितले आहे. त्यांनी यावे आणि आरतीला आपल्याबरोबर उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

नऊवारीची अडचण मात्र खरी आहे. एका पथकाने खोली अर्धा तास अडवली, तर रांग वाढणारच. म्हणून मागची छोटी बैठकीची खोली सकाळी ९ ते ११ या वेळात वेगळ्या भाड्याने घ्यावी आणि तेथे आरसा व कपडे अडकवायला दांडी ठेवावी, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे मांडत आहे.

प्रेषक: एक आजीव सभासद

सप्रेम नमस्कार.

सविस्तर उत्तराबद्दल आभार. मोठी स्वच्छतागृहे तशीच राहणार आहेत, हे मला माहीत नव्हते, आणि पुरुषांची खोली रिकामी असते हे तर मीही दर वर्षी पाहते. सवलतीची मागणी मी मागे घेते. यजमानांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना एकट्याने जाता येत नाही. गेल्या दिवाळीत मला बाहेर उभे राहून एका अनोळखी गृहस्थांना विनंती करावी लागली होती. त्या वेळी याच खोलीवर आपला कागद होता.

माझी एवढीच सूचना आहे की कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दोन्ही दारांच्या कड्या आतून नीट लागतात का, हे कोणीतरी तपासावे, कारण डाव्या दाराची कडी सैल आहे. आत आधाराच्या दांडीजवळ चपला किंवा पिशव्या ठेवू नयेत, हेही स्वयंसेवकांना सांगावे. बैठकीच्या खोलीसाठी मोठा आरसा मी घरून आणीन.