अर्कात बुडवूनही माल सडतोय, मदत हवी आहे

अंबडकर_बाग
लसूण आणि कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क करून त्यात माल बुडवून काढतो. तरी सहाव्या-सातव्या दिवशी प्रत्येक कॅरेटात काही फळं सडून बसलेलीच. माल विषमुक्त म्हणून थेट पुण्याच्या सोसायट्यांत जातो, त्यामुळे रासायनिक बुरशीनाशक चालणार नाही. अर्काचं प्रमाण वाढवू का दुसरी वनस्पती घेऊ? परवा तोडणी आहे, लवकर सांगा.

बांधावरून
माल म्हणजे कोणता भाऊ? आंबा, सीताफळ, डाळिंब? प्रत्येकाची बुरशी वेगळी.

अंबडकर_बाग
जालन्यातल्या अंबडला दुसरं काय असणार? मोसंबी. आंबे बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलांचा माल.

देवगिरी_फळबाग
मग तीन गोष्टी सांगा. सड कुठून सुरू होते, देठाकडून की सालीवर कुठेही? वर पांढरी कड आणि मधे हिरवी भुकटी दिसते का? आणि अर्क नेमका कसा करता? ‘लसूण आणि कडुनिंब’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

जीवामृत_दादा
एवढा विचार कशाला? दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा अर्क, १० लिटर पाण्यात अर्धा लिटर टाका, फळ बुडवा, विषय संपला. आमच्याकडं सगळ्यालाच चालतो.

देवगिरी_फळबाग
दादा, दशपर्णी किडीसाठी, फवारायला. त्यात शेण आणि गोमूत्र असतं, ते महिनाभर आंबवलेलं. खायच्या फळाला तोडणीनंतर त्यात बुडवायचं? सोसायटीतल्या ताईंनी कॅरेट उघडलं की वासानंच परत पाठवतील.

जीवामृत_दादा
फळ धुऊनच खातात लोक.

घनसावंगी_मोसंबी
फळगळ असेल तर जिब्रेलिक ॲसिड (वाढीचं संप्रेरक) १.५ ग्रॅम आणि युरिया १ किलो, १०० लिटर पाण्यातून फवारा. ॲसिड आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, पाण्यात सरळ टाकलं तर गुठळ्या होतात.

बांधावरून
काका, गळ नाही, तोडलेला माल सडतोय.

अंबडकर_बाग
लसूण २ किलो, पाला ५ किलो, २० लिटर पाण्यात अर्धं होईपर्यंत उकळतो. गाळून १०० लिटरच्या टाकीत टाकतो, चिकटायला १ किलो गूळ. पाणी स्वच्छ राहावं म्हणून त्यातच थोडं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं द्रावण). फळ पाच मिनिटं बुडवून कॅरेटात. सड दोन्ही प्रकारची आहे. काही फळांवर हिरवी भुकटी, काहींचा देठ काळा पडून खाली मऊ.

देवगिरी_फळबाग
आता कळलं. प्रमाण वाढवून उपयोग नाही, अडचण कृतीत आहे.

लसणात बुरशीला मारणारा घटक म्हणजे ॲलिसिन. तो पाकळी ठेचल्यावर तयार होतो आणि उष्णतेनं मोडतो. उकळलात की हाती फक्त वास. साल काढून बारीक ठेचा, १० मिनिटं तसंच राहू द्या, मग साध्या थंड पाण्यात कालवून दुहेरी कापडातून गाळा. १ किलोला १० लिटर पाणी. त्याच दिवशी वापरा, रात्रभर ठेवलेला ओतून टाका.

गूळ बंद. बुरशीला आयतं खाद्य आहे ते. हायपो त्याच टाकीत नको, पाला आणि लसणाचा चोथा क्लोरीन तिथल्या तिथं खाऊन टाकतो. ते अर्काच्या आधी, वेगळ्या टाकीत: ५ टक्क्यांचं असेल तर लिटरला ४ मिली, म्हणजे २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग). दोन मिनिटं, आणि पाणी गढूळ झालं की बदला. शेवटी फळ सावलीत पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. ओलं फळ कॅरेटात भरलं की वरचे सगळे कष्ट वाया.

रानवारा_परभणी
लसणाचा वास सोसायटीत कोण सहन करील? १०० लिटरला १० किलो लसूण, तो खर्च वेगळाच. लवंग तेल घ्या. १० लिटर पाण्याला १० मिली. तेल सरळ पाण्यात टाकू नका, ते वर तरंगतं आणि पहिल्या फळांची साल जाळतं. आधी तेलात ५ मिली ट्वीन-८० (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) फेटा, थोडं कोमट पाणी घालत दुधासारखं करा, मग बाकीचं पाणी. दोन मिनिटं बुडवणं पुरे. आधी दहा फळांवर करून दोन दिवस बघा, सालीवर तपकिरी खड्डे पडले तर प्रमाण निम्मं करा.

खडकाळ_माळ
यापेक्षा खायचा सोडा बरा. १०० लिटरला ३ किलो, पाणी ४० अंशांच्या आसपास, तीन मिनिटं. नंतर साध्या पाण्यातून काढा, नाहीतर सालीवर पांढरं राहतं. हिरव्या बुरशीवर स्वस्तात चालतो.

रानवारा_परभणी
सोडा वनस्पतीचा कधीपासून?

खडकाळ_माळ
त्यांना विषमुक्त हवं आहे, वनस्पतीचंच पाहिजे असं कुठं म्हणाले?

जीवामृत_दादा
कोरफडीचा गर लावा, फळ चमकतं पण.

देवगिरी_फळबाग
चमकेल, पण जखमेत शिरलेली बुरशी आत बंद होईल. मुद्द्यावर या. हिरवी बुरशी जखमेतूनच शिरते, आणि एकदा शिरली की वरून काही केलं तरी उशीर. म्हणून लसूण, लवंग, सोडा, जे काही करायचं ते तोडल्यापासून २४ तासांत.

काळ्या देठाची सड मात्र वेगळी. ती बुरशी झाडाच्या वाळक्या काड्यांवर वाढते आणि बागेतच देठाच्या टोपीखाली (देठ फळाला जुळतो तिथली हिरवी चकती) येऊन बसते. बुडवण्याचं पाणी तिथं पोचतच नाही. त्या फळांना कुठलाच अर्क वाचवणार नाही.

अंबडकर_बाग
म्हणजे परवाच्या मालाचं काय करू ते सांगा. वाळक्या काड्या आता काढत बसू का?

देवगिरी_फळबाग
काड्या तोडणी संपल्यावर काढून बागेबाहेर जाळा. परवा एवढं करा: दहिवर सुकल्याशिवाय माणसं बागेत घालू नका. ओल्या सालीतल्या तेलाच्या ग्रंथी दाबानं फुटतात, डाग पडतो. ओढून तोडू नका, टोपी उपटते आणि तिथंच दार उघडतं. कात्रीनं अर्धा सेंटिमीटर देठ ठेवून कापा. त्याहून लांब राहिला तर शेजारच्या फळाला टोचतो. खालच्या फांद्यांची, मातीला टेकलेली फळं वेगळ्या कॅरेटात. त्यांना तपकिरी सड लागते, उग्र वास येतो आणि शेजारच्यालाही लागते. देठ काळा किंवा टोपी गळालेली फळं लांब पाठवू नका, रसवंतीला द्या.

घनसावंगी_मोसंबी
रसवंतीला यंदा काय भाव देतात?

अंबडकर_बाग
भावाचा वेगळा धागा काढा काका. कात्र्या दोनच आहेत, माणसं सहा. एकाच कात्रीनं सडकं फळ कापलं तर पुढच्याला लागतं का?

रानवारा_परभणी
लागतं. कात्री बादलीतल्या हायपोत बुडवत चला, आणि संध्याकाळी धुऊन तेल लावा, नाहीतर पातं गंजतं.